तीन सुतांचा भुसा

पहाटेचे साडेतीन वाजलेत. लालबागला काकांच्या घरी हॉलमध्ये पंख्याखाली पडून हे टाईप करतोय, जेटलॅग काही सुटत नाहीये आणि बाहेर पाऊस नुसता कोसळतोय. गेल्या वेळी अमेरिकेतल्या आमच्या ओरेगॉनच्या थंडीबद्दल लिहिलं होतं तेव्हा दोघातिघांनी विचारलं होतं की वादळात अंगणात पडलेल्या त्या झाडाचं पुढे काय केलंस. तर त्याची ही गोष्ट, आणि ती काकांना सांगताना माझी जी काय हजेरी घेतली गेली तीही.

जानेवारी २०२४ ला आमच्या युजीन भागात बर्फाचं वादळ झालं. बर्फ म्हणजे कापसासारखा नाही हां, पाऊसच पडतो पण जिथे पडेल तिथे गोठतो, फांदीवर काचेसारखा थर चढत जातो आणि मग रात्रभर बाहेर बंदुकीचे बार उडाल्यासारखे आवाज, एकेक फांदी मोडत असते. लाईट गेलेली. सकाळी बघतो तर मागच्या अंगणातला मॅपल आडवा. बिगलीफ मॅपल म्हणतात त्याला, पान जेवायच्या ताटाएवढं होतं म्हणून. झाडं उचलणाऱ्या एका कंपनीला बोलावलं, त्यांना तीनतीनदा सांगितलं की बुंधा लांब ठेवा, तरी मी चहा करायला आत गेलो तेवढ्यात अर्ध्या बुंध्याचे शेकोटीचे तुकडे करून मोकळे. उरला आठ फुटांचा एक ओंडका, व्यास जेमतेम दोन फूट.

आता हा सॉ मिलला, म्हणजे लाकडाच्या फळ्या पाडणाऱ्या गिरणीला न्यायचा तर क्रेन, ट्रक, आणि घरच्या अंगणातलं झाड म्हटलं की बरेच मिलवाले नकोच म्हणतात, कारण आत कुठेतरी खिळा नाहीतर कुंपणाची तार गिळलेली असते आणि त्यांचं पातं जातं. शेजारचे म्हातारेबुवा म्हणाले ओंडका मिलकडे जात नसेल तर मिल ओंडक्याकडे आणू, आणि गॅरेजमधून चेनसॉ मिल काढली. मला वाटलं काहीतरी मोठं मशीन असेल. कसलं काय, ऍल्युमिनियमची एक चौकट. अलास्कन मिल म्हणतात. ती चेनसॉच्या, म्हणजे इंजिनावर साखळी फिरणाऱ्या करवतीच्या, लांब पात्याला दोन्ही टोकांना आवळायची, जेवढी जाड फळी हवी तेवढं अंतर सेट करायचं, आणि मग करवत आडवी धरून ओंडक्यावरून ढकलत न्यायची. बस्स, एवढंच!

पण पहिला काप मारणार कसा? ओंडका तर गोल, चौकट टेकायला सपाट जागा पाहिजे ना. त्यासाठी म्हातारेबुवांनी चक्क शिडी आणली, घरातली साधी शिडी, ती ओंडक्यावर आडवी ठेवून लेव्हल बघून स्क्रूने ठोकली आणि त्या शिडीवरून पहिला काप. एकदा वरचा भाग सपाट झाला की शिडीचं काम संपलं, पुढचा प्रत्येक काप आधीच्या सपाटीवर टेकून जातो. म्हणजे पहिला वाकडा गेला की सगळ्या फळ्या वाकड्या. म्हणून शिडी लावण्यातच आमचा पाऊण तास गेला.

चेनसुद्धा वेगळी लागते. नेहमीची चेन लाकूड आडवं तोडायला असते, तिचे दात तीसेक अंशात घासलेले असतात, आणि फळ्या पाडायच्या चेनचे साधारण दहा अंशात, जवळजवळ सरळच. त्याने काप गुळगुळीत येतो पण स्पीड नाही. नव्वद सीसीचं इंजिन, म्हणजे आपल्या बायकांच्या स्कूटीएवढं जवळपास, ते हातात धरून दहा-बारा मिनिटं फुल थ्रॉटल. टू स्ट्रोकचा तो धूर नाकात गेला आणि मला एकदम जुन्या बजाज स्कूटरच्या मागे बसल्यासारखं वाटलं. कानावर मफ, मांड्यांवर चेन अडकून थांबेल असा जाड कपडा, चष्मा, सगळं लावून मी दिसत होतो बॉम्बशोधक पथकातला. मागे कापलेल्या फटीत पाचरी ठोकत जायच्या नाहीतर वरच्या फळीच्या वजनाने पातं दाबलं जातं. दर दोन कापांनंतर दात घासायला बसायचं, कारण बोथट झालं की भुशाचं पीठ व्हायला लागतं आणि इंजिन नुसतं बोंबलतं. संध्याकाळपर्यंत हात इतके थरथरत होते की चमचा धरता येईना.

हे सगळं मी परवा काकांना रंगवून सांगितलं. काकांनी रे रोडला लाकडाच्या वखारींमध्ये सॉ मिलवर बावीस वर्षं काढलीत, बर्माटीक आणि बल्लारशाचा साग नुसत्या वासावरून ओळखणारा माणूस. सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न, "भुसा किती गेला?"

मी म्हटलं ढीगभर, रव्यासारखा बारीक, बुटात पण गेला.

"तसं नाही रे. एका कापाला किती सूत?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आपल्याकडे सुतार लोक इंचाचे आठ सूत मोजतात. चेनसॉचा काप पडतो पाऊण सेंटिमीटरच्या वर, म्हणजे धरून चाला तीन सूत. मिलमधल्या बॅण्डसॉचं, म्हणजे पट्ट्यासारख्या फिरणाऱ्या करवतीचं पातं पातळ असतं, ते अर्ध्या-एका सुतात भागवतं. काकांनी बोटांवर हिशोब केला, चार काप म्हणजे बारा सूत, म्हणजे दीड इंच. "दीड इंची फळी तू हवेत उडवलीस. आमच्या शेठने तुला दुपारीच घरी पाठवला असता." मी वाद घातला की काका इथे सागाला घनफुटाचा भाव असतो, तिथे हे झाड शेकोटीत जाणार होतं, मला तर सगळं फुकटच. पटलं नाही. लाकूड फुकट असतं ही कल्पनाच त्यांना मानवत नाही.

मग फोटो दाखवले. माझा अभिमान म्हणजे अगदी मधली तीन इंच जाड फळी, दोन्ही कडांना साल तशीच ठेवलेली, ओली असताना ऐंशी-पंच्याऐंशी किलो तरी असेल, आम्ही दोघांनी पाईपवरून घरंगळत शेडमध्ये नेली होती. काकांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, फळीच्या टोकाकडे नेला, आणि वर्तुळं जिथून सुरू होतात तो ठिपका, म्हणजे झाडाचा गाभा, नखाने दाखवला. "हा आत ठेवलास?" म्हटलं हो. "मग फाटली असेल."

फाटली होती. टोकापासून चांगली दोन फूट आत, त्याच ठिपक्यातून. तो फोटो मी मुद्दामच दाखवला नव्हता! कारण असं की लाकूड वाळताना सगळीकडून सारखं आटत नाही, गाभ्यापासून सालीकडे जेवढं आटतं त्याच्या जवळपास दुप्पट वर्तुळाच्या अंगाने आटतं, आणि गाभा फळीत अडकलेला असला की तो ताण निघायला जागाच नसते. शिवाय टोकांना मेणाचा रंग लावायचा असतो तो मी आळस करून चार दिवसांनी लावला. काका म्हणाले आम्ही डांबर फासायचो, ट्रकमधून उतरायच्या आत.

बाकीच्या एक इंची फळ्या मात्र नीट वाळल्या. मध्ये मध्ये पट्ट्या घालून, पट्टीवर पट्टी येईल अशी चळत रचायची आणि वर्षभर विसरून जायचं, इंचाला एक वर्ष असा ढोबळ हिशोब आहे.

आणि हो, काल दादरला एक पर्जन्यवृक्ष पडलेला बघितला, पालिकेची माणसं चेनसॉने त्याचे हातभर तुकडे करत होती. तिकडे ज्या मंकीपॉडच्या अखंड टेबलांसमोर लोक फोटो काढतात ना, ते हेच झाड. आतला चॉकलेटी रंग पावसात भिजून काय चमकत होता. आता त्यांचंही बरोबर आहे म्हणा, रस्ता मोकळा करायचा असतो, आणि इथे वनखात्याच्या लायसन्सशिवाय सॉ मिल चालवता येत नाही, सोसायटीच्या आवारात कोण शिडी ठोकत बसणार. पण मी छत्री धरून पंधरा मिनिटं उभा होतो तिथे.

तर त्याच मॅपलच्या एका फळीची मी काकूसाठी पेटी करून आणली, सरकत्या झाकणाची, वाती ठेवायला. तिकडे झाकण बोटाने ढकललं की सुळकन जायचं, मला जाम कौतुक त्याचं. इथे आल्यावर आठव्या दिवशी घट्ट बसलं. काकू देवापुढे बसून ओढतेय, निघतच नाहीये. मुंबईचा जुलै पिऊन फुगलं होतं लाकूड.

काकांनी कॉटखालून जुना रंधा काढला, पातं अंगठ्याच्या नखावर टेकवून बघितलं, झाकणाची एकच कड दोनदा घासली. कागदापेक्षा पातळ दोन छिलके पडले. झाकण परत सुळकन.

मी म्हटलं, काका आता थंडीत ढिलं होऊन खडखडेल त्याचं काय?

"खडखडू दे की. तू असणारेस का इथे ऐकायला?"