भिजलेलं प्रोसिडिंग बुक

जून २०२४ मध्ये मी आमच्या विद्यापीठातल्या प्राध्यापक संघटनेची सचिव झाले. निवडणूक बिनविरोध झाली. मी रसायनशास्त्र शिकवते, आणि तोवर संघटनेशी माझा संबंध म्हणजे वर्षाची वर्गणी आणि कधीमधी कोल्हापूरच्या दसरा चौकातल्या धरणे आंदोलनाला तासभर बसणं, एवढाच होता.

पहिल्याच आठवड्यात खात्यावरच्या सह्या बदलायला बँकेत गेले. ठराव दिला, फोटो दिले, केवायसी दिलं. काउंटरवरच्या मुलीनं कागद चाळले आणि म्हणाली, "मॅडम, चेंज रिपोर्ट मंजूर झाल्याची प्रत लागेल." चेंज रिपोर्ट म्हणजे कार्यकारिणी बदलल्याचं कळवणारा बदल अर्ज. त्याच्या मंजुरीची प्रत कुठून आणायची, ते मला माहीत नव्हतं. धर्मादाय आयुक्त कार्यालयातून शेड्यूल वनचा, म्हणजे तिथल्या संस्थेच्या नोंदीचा, उतारा काढला, तेव्हा कळलं की तिथल्या दप्तरी आमची २०११ ची कार्यकारिणी अजून तशीच आहे. त्या सात जणांपैकी पाच निवृत्त झालेले, दोघे आता हयात नाहीत. २०१४, २०१७ आणि करोनामुळे लांबलेली २०२१, या तीन निवडणुका आम्ही रीतसर घेतल्या. गुलाल उधळला, पेढे वाटले, पण बदल अर्ज एकदाही केला नाही.

हे इतकं का नडलं, ते सांगते. शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याखाली 'कामगार' नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्ये गोव्याच्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात ठरवलं. त्यामुळे कामगार युनियनला त्या कायद्यानं जे दरवाजे उघडे होते, ते आपल्याला नव्हते. आमची संघटना १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली आहे. त्या दुसऱ्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत कळवावं लागतं. आणि नेमकं तेव्हाच आमच्या चौदा सहकाऱ्यांचं कॅसचं प्रकरण कोर्टात न्यायची वेळ आली होती.

कॅस म्हणजे पदोन्नती. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी. असलेला सहायक प्राध्यापक चार वर्षांनी वेतनाच्या लेव्हल १० वरून ११ ला जातो. पुढे ११ वरून १२ ला पाच वर्षं, तिथून १३ए ला तीन, आणि मग १४ ला आणखी तीन. या चौदा जणांची आधीच्या कॉलेजातली सेवा धरली गेली नव्हती. पहिली तारीख एकदा पुढे सरकली की पुढच्या सगळ्या सरकतात, आणि माणूस त्याच्या हक्काच्या पायरीच्या एक पायरी खालीच निवृत्त होतो. वकिलांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "याचिकाकर्ती संघटना. बरोबर. पण सचिव म्हणून सही कोण करणार? रेकॉर्डवर तुम्ही नाही."

म्हणून २०१४ पासूनचं दप्तर शोधायला लागले. ऑफिसच्या कपाटात २०१७ नंतरचं सगळं मिळालं. त्याआधीचं तेव्हाच्या सचिवांकडे होतं. सर २०२२ मध्ये गेले. नागाळा पार्कात त्यांचं घर आहे. फोन करून काकूंकडे गेले. त्यांनी चहा ठेवला आणि आतून जुन्या नऊवारीत बांधलेलं गाठोडं आणलं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४३. काकूंच्या घरात छातीएवढं पाणी. बाहेर पडायच्या आधी सरांनी हे दप्तर कपाटावर चढवलं होतं, पण कपाटच आडवं झालं. पाणी उतरल्यावर काकूंनी पानापानांत वर्तमानपत्राचे कागद घातले, पंख्याखाली आठवडाभर वाळवलं, मग एकेक पान मंद इस्त्रीनं सरळ केलं. मी म्हटलं, काकू, केवढे कष्ट घेतलेत. त्या म्हणाल्या, "ह्यांचं निम्मं आयुष्य ह्या वह्यांत गेलं बघ. पाण्यात कसं सोडायचं?"

त्यातलं प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभांच्या इतिवृत्ताची वही, घेतली आणि २०१४ च्या सर्वसाधारण सभेचं पान उघडलं. सर शाईच्या पेननं लिहायचे. ठरावाची सगळी अक्षरं विरघळून निळा ढग झाला होता, एक ओळसुद्धा वाचता येत नव्हती. समोरच्या पानावर हजेरी. ती सगळ्यांनी बॉलपेननं केलेली, जशीच्या तशी. कोण आलं होतं ते कळत होतं, काय ठरलं ते नाही. त्या सह्यांत माझी स्वतःचीही होती. मी त्या सभेला गेले होते, हे मी पार विसरले होते.

मग त्या सह्या धरूनच काम उभं केलं. हजेरीतले एकोणचाळीस जण. त्यातले जे सापडले त्यांच्याकडे आम्ही तिघं सुट्टीच्या दिवशी जायचो. राजारामपुरी, रुईकर कॉलनी, एकजण इचलकरंजीला मुलाकडे, एकजण गारगोटीला. सव्वीस जणांनी नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र दिलं की सभा झाली आणि अमुक कार्यकारिणी निवडली गेली. एका निवृत्त सरांकडे टाइप केलेली सभेची नोटीस निघाली, निवडणूक अधिकाऱ्यांकडे मतमोजणीचा कागद. प्रत्येक बदल अर्जाला नोटीस, इतिवृत्ताची नक्कल, नव्यांची संमतीपत्रं, जुन्यांची ना हरकत, मयतांचे मृत्यूचे दाखले आणि वर विलंब माफीचा अर्ज. असे चार अर्ज, ओळीनं. आधीचा मंजूर झाल्याशिवाय पुढच्याला हात लागत नाही. कुणी या वाटेनं जाणार असेल तर एवढंच सांगते, सगळे चारही एकदम दाखल करा. मी पहिल्याच्या निकालाची वाट बघत बसले आणि पाच महिने घालवले.

दारोदार फिरताना एक गोष्ट मात्र मला झोपू देईना. या सगळ्या धावपळीत झेरॉक्स काढणारी, याद्या करणारी, मला गाडीवरून नेणारी दोन मुलं आमच्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवतात. दोघंही पीएच.डी., दोघंही नेट ही पात्रता परीक्षा पास. एकाला आठ वर्षं झालीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत तास नाहीत म्हणजे पैसे नाहीत. आणि आमच्या घटनेप्रमाणे ते सभासद होऊ शकत नव्हते. घटनेत शब्द होता 'कायम शिक्षक'. ज्या संघटनेचं दप्तर ते जुळवत होते, तिच्या सभेत त्यांना बसायलाही परवानगी नव्हती.

मी घटनादुरुस्ती मांडली आणि वाद पेटला. एक ज्येष्ठ सर, ज्यांच्याविषयी मला फार आदर आहे, स्पष्टच बोलले. त्यांचे प्रश्न वेगळे आहेत, आपली ताकद आधीच कमी, त्यांना घेतलं तर पेन्शन आणि कॅस मागे पडेल. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, त्या लढ्यात सरांनी आयुष्य घातलंय, त्यामुळे त्यांची भीती मला कळत होती. पण प्रश्न वेगळे आहेत हे मला पटलं नाही, आजही पटत नाही. संशोधन विद्यापीठात तर मुळीच नाही. पीएच.डी.चं मार्गदर्शन फक्त कायम शिक्षकाला करता येतं, प्राध्यापकाला एका वेळी आठ विद्यार्थी, सहयोगीला सहा, सहायकाला चार. एक प्राध्यापक निवृत्त झाला आणि जागा भरली नाही की आठ मुलांची जागा जाते. प्रयोगशाळा तासिकेवाले चालवतात, प्रबंधावर नाव मात्र उरलेल्या दोन-चार जणांचं. रिकामी जागा हा त्यांचा प्रश्न आणि आपला नाही, असं कसं म्हणायचं? मी सभेत हेच बोलले. आवाज कापत होता, पण बोलले.

दुरुस्तीला तीन पंचमांश मतं हवी होती. पासष्ट जण हजर, म्हणजे एकोणचाळीस. एक्केचाळीस पडली. ते ज्येष्ठ सर विरोधात होते, पण सभा संपल्यावर इतिवृत्तावर त्यांनी सही केली आणि स्वतःहून म्हणाले, "झालं ते नीट लिहा, माझा विरोधही लिहा." लिहिला.

आता २०१४ आणि २०१७ चे अर्ज मंजूर झालेत, पुढच्या दोन अर्जांची सुनावणी चालू आहे. घटनादुरुस्तीचाही कागद त्याच रांगेत आहे. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झालं. चौदा जणांची फाइल घेऊन रात्रीच्या गाडीनं मुंबईला जायचं आणि पुढची तारीख घेऊन परत यायचं, हे आता करावं लागणार नाही. त्या चौदांतले एक सर येत्या मे महिन्यात निवृत्त होतायत. त्यांच्या आधी निकाल यावा, एवढीच माझी इच्छा आहे.

गेल्या महिन्यात सभा झाली. दुरुस्ती मंजूर होईपर्यंत तासिकेवाल्यांना निमंत्रित म्हणून बोलवायचं, असं ठरलंय. एकोणीस जण आले. हजेरीची वही फिरत आमच्या विभागातल्या त्या आठ वर्षंवाल्याकडे गेली. त्यानं नाव लिहिलं, विभाग लिहिला आणि पेन तसंच धरून थांबला. मग वाकून हळूच मला विचारलं, "मॅडम, पदाच्या रकान्यात काय लिहू?"

मी म्हटलं, सहायक प्राध्यापक लिही.