तुम्ही विचारलंत म्हणून: नवं फ्रेमवर्क का शिकत नाही?

मुलाखतीत, टीममध्ये, जुन्या सहकाऱ्यांकडून एकच प्रश्न येतो: "एवढा अनुभव आहे, मग नवं फ्रेमवर्क का शिकत नाहीस? मागे पडशील." एकदाच नीट सांगते.

शिकत होते की! वेबसाइट बांधायची तयार साधनं एकामागून एक: आधी जेक्वेरी, मग अँग्युलरजेएस. २०१६ साली अँग्युलर २ आलं ते मुळापासून नव्याने लिहिलेलं, माझं निम्मं ज्ञान जुनं झालं. मग रिॲक्ट धरलं. दर उडीला पगार वाढला, हुद्द्याला 'सीनियर' लागलं.

त्याच हुद्द्यावर असताना ग्राहकाच्या जुन्या ऑर्डरींचं पान उघडायला नऊ सेकंद लागू लागले. माझ्या मशीनवर टेबलात दोनशे ओळी, तिथे पान झटकन यायचं. प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या खऱ्या सर्व्हरवर, चाळीस लाख. मी सर्व्हरवर कॅश लावली, म्हणजे एकदा तयार झालेलं पान साठवून पुढे तेच द्यायचं. पान अर्ध्या सेकंदात उघडलं, तसं मी ग्रुपवर अभिमानाने कळवलंही. चाळीस मिनिटांनी सपोर्टकडून स्क्रीनशॉट आला. एका ग्राहकाला भलत्याच बाईंचा घरचा पत्ता आणि त्यांनी मागवलेली औषधं दिसत होती. कॅशची की, म्हणजे साठवलेलं पान ज्या खुणेने शोधायचं ती, म्हणून मी नुसती यूआरएल दिली होती, आणि ती सगळ्यांची एकच. जो आधी उघडेल त्याचं पान पुढच्या सगळ्यांना.

कॅश काढली, पुन्हा नऊ सेकंद. दोन वर्षं अनुभव असलेल्या एका मुलाने डेटाबेसकडे माहिती मागणाऱ्या क्वेरीआधी 'एक्सप्लेन' लावून ती चालवली; डेटाबेस माहिती कशी शोधणार, तो प्लॅन त्यातून दिसतो. ग्राहक-क्रमांकाच्या कॉलमवर इंडेक्सच, म्हणजे पटकन शोधायची सूचीच, नव्हता, दर वेळी डेटाबेस अख्खं टेबल चाळत होता. उपाय एका ओळीचा. ती ओळ मला येत नव्हती असं नाही, पण तिथे बघायचं असतं हे सुचलंच नाही. एसक्यूएल, म्हणजे क्वेरीची भाषा, ओआरएम नावाचं साधन आपोआप लिहून द्यायचं आणि मी ते कधी उघडून वाचलं नव्हतं.

त्या बाईंना गेलेल्या माफीच्या मेलचा मसुदा मी लिहिला. अजून पाठ आहे.

तेव्हापासून माझा वेळ क्वेरी प्लॅन, लॉग आणि एचटीटीपी हेडर समजून घेण्यात जातो. 'कॅश-कंट्रोल: प्रायव्हेट' हे हेडर, म्हणजे हे पान एकाच माणसाचं, सगळ्यांच्या कॅशमध्ये साठवू नका ही सूचना, वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर होतं, ते कशासाठी असतं हे त्या दिवसानंतर वाचलं. दोन्ही करता येतं, म्हणाल. येत असेल. ऑफिसनंतर माझ्या हाती एक तास उरतो.

पण तेव्हाची मी समोर आली तर तिचंही ऐकावं लागेल. ती म्हणेल, रिॲक्ट शिकले नसते तर त्या प्रॉडक्शनपर्यंत पोचलेच नसते, मग कुठला इंडेक्स नि कुठलं काय! यावर माझ्याकडे उत्तर नाही. गेल्याच महिन्यात एका जागेसाठी नकार आला, त्यांना नेक्स्टजेएस, म्हणजे रिॲक्टवर बांधलेलं फ्रेमवर्क, येणारं माणूस हवं होतं. लागलं मनाला. रात्री त्याचं डॉक्युमेंटेशन उघडलं आणि सगळ्यात आधी शोधलं, यात कॅशची की कशी ठरते.