पल्सरची हवा: २५, २८, ३२ आणि भिजलेली वही

जूनच्या पहिल्या पावसापासून नेम धरला होता: सकाळी गाडी बाहेर काढण्याआधी दोन्ही चाकांची हवा मोजायची आणि वहीत टिपायची. वही भिजून पापडासारखी झाली, पण चवथीपर्यंत नेम टिकला. गाडी तीच, जुनी पल्सर १५०, ट्यूबवाले टायर. घर डिचोलीला, नोकरी पणजीला, म्हणजे रोजचे साठेक किलोमीटर.

गाडीच्या स्टिकरवर दाब लिहिलाय, पीएसआय या मापात: पुढे २५, मागे एकट्याला २८, डबलसीट ३२. टायरच्या कडेवर कोरलेला आकडा याहून मोठा असतो. तो टायर किती सोसेल याचा, गाडीला किती हवी याचा नव्हे. हे कळायला मला एक अख्खा मागचा टायर घालवावा लागला. मधोमध सपाट, कडा मात्र कोऱ्या करकरीत.

आधी गेजचं, म्हणजे हवा मोजायच्या यंत्राचं सांगतो. एका पंपावर २८ भरून घेतली, दुसऱ्या दिवशी सकाळी घरी मोजली तर २५. दुसऱ्या पंपावरची २८ माझ्या गेजवर ३१. आता खरं कोण बोलतंय? मित्राचा गेज आणून लावला, तो माझ्याशी अर्ध्या पीएसआयच्या आत जुळला. तेव्हापासून पंपाचा आकडा मी नुसता ऐकून घेतो. थोडी जास्तच भरून आणायची आणि सकाळी घरी हळूहळू सोडत आकड्यावर यायचं, हे जमून गेलंय.

जुलैतली फजिती मात्र लिहायलाच हवी. पावसाने दोन दिवस उघडीप दिली, कडक ऊन पडलं. पणजीला पोचल्या पोचल्या सहज मागचं चाक मोजलं तर ३१.५. सकाळी बरोबर २८ होती! मी शहाण्यासारखी साडेतीन पीएसआय सोडून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी गेज दाखवतोय जेमतेम २५. टायर तापला की आतली हवाही तापते आणि दाब चढतो. २८च्या आसपास दर दहा अंशांना साधारण दीड पीएसआय धरा. स्टिकरवरचे आकडे थंड टायरचे असतात, आणि चढलेला दाब त्यात आधीच गृहीत धरलेला असतो. तापलेल्या टायरची हवा सोडणं म्हणजे उतू आलेलं दूध ओतून टाकून भांडं भरलेलं शोधणं. भरायची असो की सोडायची, गाडी निदान तीन तास उभी हवी.

'पावसात हवा थोडी कमी ठेव, पकड येते' हा सल्ला मला चौघांनी तरी दिला. मला तो पटला नाही. डांबरावर पाणी असताना टायरच्या खाचांनी ते बाहेर फेकायचं असतं. हवा कमी झाली की मधला भाग आत दबतो, खाचा मिटतात, आणि चाक पाण्यावर तरंगायला लागतं तेही कमी वेगाला. चिऱ्याच्या तांबड्या चिखलात शिरायचं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे पुढे २१, मागे २४ करून पाहिली, गाडी खरंच चिकटून चालली. पण परत येताना एका खड्ड्यात रिमने ठणका घेतला आणि घरी पाहतो तर मागचा व्हॉल्व्ह तिरका! टायर रिमवर सरकला आणि ट्यूबला ओढून घेऊन गेला. पंक्चरवाल्याने चाक खोलून सरळ केला, मला चार शब्द सुनावले. चिखलाचा शौक तिथेच संपला.

चोर्ला घाटात एक गंमत तपासली. वर हवा विरळ, म्हणून गेज जास्त दाखवेल असं वाटलं होतं. हिशोबाने आठशे मीटरला एक पीएसआयहून थोडं जास्त. पण वर गारवाही असतो, तो उलटा ओढतो. अर्धा तास थांबून चहा घेतला नि मोजलं, तर फरक इतका किरकोळ की वहीत प्रश्नचिन्ह टाकून ठेवलंय.

म्हापशाच्या स्टँडवर एका पायलटला, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्याला विचारलं, तुम्ही मागे किती ठेवता? पिवळ्या मडगार्डवर हात ठेवून म्हणाला, कायम ३२. भाडं कधी मिळेल ते कुठे ठाऊक, दर खेपेला हवा कोण भरत बसणार? वर कोंकणीत हेही ऐकवलं: "वारें उणें, पेट्रोल चड." म्हणजे हवा कमी, तर पेट्रोल जास्त. मी मात्र आई मागे बसणार असेल तेव्हाच ३२ करतो. म्हार्दोळला म्हाळसेच्या देवळात जाताना एकदा विसरलो होतो. वळणावर गाडी मागून लुळी पडल्यासारखी डुलली. आई म्हणाली, "सावकाश रे, देव कुठे पळून जात नाही."

ऑगस्टच्या अखेरीला पुढचं चाक रोज एक-एक पीएसआय गमवायला लागलं. महिन्याला एक-दोन उतरणं ठीक, रोज नव्हे. खिळा शोधून थकलो. शेवटी बोट थुंकीने ओलं करून व्हॉल्व्हच्या तोंडावर टेकवलं. काही सेकंद काहीच नाही, मग मोहरीएवढा बुडबुडा हळूच फुगला आणि फुटला. टोपी कधीच हरवलेली, आत तांबडी रेती. नवी पिन बसवली, धातूच्या टोप्या घेतल्या. आज नववा दिवस, पुढे २५ वर काटा हललेला नाही.