मिड-ड्राइव्ह ठरली, पण ४ मिमी आडवे आले

टूरिंग सायकलला विजेची मोटर बसवायची आहे. ती चाकाच्या तुंब्यातली हब घ्यावी की पेडलच्या आसाशी बसणारी मिड-ड्राइव्ह, हा मागच्या नोंदीतला घोळ मिटला. मिड-ड्राइव्हच: बाफांग बीबीएस०२, ४८ व्होल्ट. निकाल चढाने लावला. सायकल, सामान आणि स्वार मिळून १३० किलो, ८ टक्के चढ, ताशी १२ किमी: चाकाशी साधारण ३७० वॉट लागतात. पायांचे १२० धरले तर मोटरच्या वाट्याला २५० येतात. आकडा किरकोळ वाटतो, पण या वेगाला ७००×३५ चं चाक मिनिटाला जेमतेम ९२ फेरे घेतं. हब मोटरचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) करंटच्या प्रमाणात वाढतो आणि तांब्यातली उष्णता करंटच्या वर्गाच्या. त्यामुळे त्याच चढावर वेग निम्मा झाला की मोटरचं काम निम्मं होतं, तापणं मात्र तेवढंच राहतं. मिड-ड्राइव्हला पुढे ४२ दात्यांची चेनरिंग आणि मागे ३४ दात्यांचं चक्र लावलं की त्याच ९२ फेऱ्यांना क्रँक (पेडलचा दांडा) मिनिटाला ७५ च्या आसपास फिरते. मोटर खूश, गुडघेही. सपाटीवर हलकं फिरणाऱ्यांनी मात्र खुशाल हब घ्यावी, चेन तरी वाचेल.

बॉटम ब्रॅकेटखालचा (पेडलचा आस बसतो त्या जागेखालचा) प्लॅस्टिकचा केबल गाइड काढावाच लागतो. पुढचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा) तसाही जातो. मागच्याची केबल अखंड आउटरमधून (केबलवरच्या नळीतून) नेली की झालं.

खरी डोकेदुखी पुढे. जाड टायरसाठी टूरिंग फ्रेमचे चेनस्टे (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्या) बॉटम ब्रॅकेटपासूनच फाकलेले असतात. मोटरची उजवीकडची गिअर केसिंग शेलला (बॉटम ब्रॅकेटच्या नळकांड्याला) टेकायच्या आधी चेनस्टेलाच अडली. कानस केसिंगवर नको आणि स्टेवर तर मुळीच नको. शेल ६८ मिमीचं आणि मोटर ७३ पर्यंत चालणारी, म्हणून उजवीकडे ४ मिमीचा स्पेसर (अंतर राखणारी कडी) घातला. आता मधून पोस्टकार्ड सरकतं, आणि डावीकडच्या नटाला आटेही पुरतात. मोटर जागी धरणाऱ्या फिक्सिंग प्लेटचे दाते शेलकडे हवेत. स्पेसरमुळे प्लेट आणि मोटर यांच्यात जी फट पडते ती वॉशरने भरायची. नुसते बोल्ट आवळून प्लेट ओढली तर ती वाकते, मग नट सैल पडतो आणि जोर लागला की मोटर फिरते.

पण स्पेसर घातला तशी चेनरिंगही ४ मिमी बाहेर गेली. सायकलच्या मध्यरेषेपासून रिंग ५० वर, ३४ चं चक्र २७ वर: २३ मिमीची तिरकी चेन. स्टँडवर हाताने फिरवली तर ती शेजारच्या ३० च्या चक्राला घासून टक् टक् वाजते, आणि रिंगच्या दात्यांना एका अंगाने आत्ताच चकाकी आली आहे. आणखी लहान रिंग लावणं हा उपाय नाही. ४२ च्या खाली रिंग केसिंगवरून आत वळूच शकत नाही, उलट आणखी बाहेर जाते. (रिंग मागवताना 'आत वळलेली' या शब्दावर विसंबू नका, खोली मिमीमध्ये विचारा. पहिली आली ती ताटासारखी सपाट.)

तोडगा मागच्या बाजूला निघाला. रिंग आत येत नसेल तर कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) बाहेर न्यायची. ९ स्पीडमध्ये (मागे नऊ चक्रं) एका चक्रापासून दुसऱ्यापर्यंत ४.३४ मिमी, म्हणजे एक चक्र कमी केलं की नेमकी हवी तेवढी जागा! ११ तसंही निरुपयोगी: ४२ ला ११ म्हणजे ७५ च्या लयीत ताशी ३७ किमी, सामान लादून कोण जातंय? ११ आणि १३ काढले, १३ सोबतचा स्पेसरही. वर पहिल्या जागेसाठीच बनवलेलं १२ लावलं, लॉकरिंग (कॅसेट आवळणारी कडी) त्याचीच. ११ ची लहान पडते. कॅसेटच्या मागे ७ स्पीडचा ४.५ मिमीचा स्पेसर. क्रम झाला १२-१५-१७-२०-२३-२६-३०-३४. १२ वरून १५ ची उडी जाणवते, बाकी काही नाही. डिरेलरची आतली मर्यादा ठरवणारा एल स्क्रू आत घेऊन शिफ्टरची शेवटची खटकी बंद केली. टक् टक् गेली. पहिल्यांदाच ३४ वर चेन नुसती सळसळते.

बॅटरी १३एस४पी (१३ सेल एकसर, ४ समांतर), १४ अँपिअर-तास ठरली होती. तिरक्या चेनचा प्रश्न सुटल्यावर मात्र आधी गिअर सेन्सर (गिअर बदलताना मोटर क्षणभर थांबवणारा) घ्यायचं ठरतंय. गिअर बदलताना मोटरने चेन ओढली तर ९ स्पीडची चेन फार दिवस टिकत नाही. तोवर कंट्रोलरमध्ये स्टार्ट करंट १० टक्क्यांवर ठेवला आहे.