पालकांनी लक्ष द्यावे

सहावीच्या वर्गात गणिताचा तास चालू होता. एका मुलाची कंपासपेटी खाली पडली, ती उचलायला तो वाकला आणि शर्ट वर सरकला. कमरेच्या वर दोन वळ होते. एक जुना, पिवळट पडलेला; दुसरा ताजा. मी त्याच्या बाकाशीच उभी होते.

"काय झालं रे?"

"पडलो, बाई."

त्याची आई त्याला सोन्या म्हणते, इथे मीही तेच म्हणते. पर्वती पायथ्याच्या आमच्या शाळेत जनता वसाहतीतून खूप मुलं येतात, त्यांतलाच हा एक. मधल्या सुट्टीत सगळी मुलं डबे घेऊन पळाली, हा मात्र माझ्या टेबलाशी घुटमळत राहिला. मग खाली बघत म्हणाला, "बाई, आज डायरीत काही लिहू नका ना."

मी त्याची डायरी उघडली. जूनपासून अकरा शेरे, लाल शाईत, माझ्याच अक्षरात. 'गृहपाठ अपूर्ण.' 'शुद्धलेखन अत्यंत खराब.' 'वाचन येत नाही, पालकांनी लक्ष द्यावे.' प्रत्येक शेऱ्याखाली वडिलांची सही, एकेक अक्षर जपून काढलेली. त्या सह्यांचं मला बरं वाटायचं, पालक निदान डायरी तरी बघतात म्हणून. शेवटचा शेरा बुधवारचा होता. ताजा वळही तेवढाच जुना असावा.

शिक्षण हक्क कायदा २०१० मध्ये लागू झाला आणि शाळेत मुलावर हात उचलायला कायद्याने बंदी आली. मी त्याच्या आधीही कधी कुणाला मारलं नव्हतं, आणि ही गोष्ट मी अभिमानाने सांगत आले होते. त्या दिवशी ती अकरा पानं उलटताना घशाला कोरड पडली. हात माझा नव्हता, पण मारायला सांगणारी चिठ्ठी दरवेळी माझ्याकडूनच गेली होती.

संध्याकाळी वडिलांना फोन केला. आतापर्यंतच्या एकाही पालकसभेला ते आले नव्हते आणि 'पालक उदासीन' असं मी मनात कधीच लिहून टाकलं होतं. ते म्हणाले, "उद्याच येतो बाई. शनिवारी मार्केट बंद असतं." ते गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भाजीपाला विभागात हमाल आहेत. पहाटे तीनला घर सोडतात, दुपारी येऊन आडवे होतात. आमच्या सभा मधल्या वारी, दुपारी. वर्षभरात एकदाही कुणी त्यांना विचारलं नव्हतं की तुम्हाला कधी जमेल.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दोघंही आले. आईने चार घरच्या कामांचा खाडा केला होता. वडील इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, खुर्चीवर बसायला तयार नव्हते. मी वळांचं काढलं तेव्हा त्यांनी नाकारलं नाही. बराच वेळ गप्प राहिले.

मग म्हणाले, "बाई, मी चौथी शिकलो. तुमचं अक्षर लागतं मला. तुम्ही लिहिता, लक्ष द्यावे. आता लक्ष द्यायचं म्हणजे काय करायचं, ते तुम्ही कधी लिहिलंच नाही. आमच्या बापानं आमच्यावर जसं लक्ष दिलं, तसं मी दिलं."

मला उत्तर देता आलं नाही. इतकी वर्षं शेकडो डायऱ्यांत हे तीन शब्द लिहिले असतील. लिहिताना मलाही ठाऊक नव्हतं की त्या घरात, त्या बापाने नेमकं काय करावं अशी माझी अपेक्षा आहे.

मी एवढंच म्हटलं, "दादा, चूक माझीही आहे. पण आजपासून मारायचं नाही. तो घरी कसा असतो ते मला सांगा."

आई आधी बोलली. "सगळा हरिपाठ तोंडपाठ आहे बाई त्याचा, नुसता ऐकून. पुस्तक उघडलं की घाम फुटतो." मग वडिलांना काहीतरी आठवलं. रविवारी मार्केटला गर्दी असते, तेव्हा कधी कधी ते त्याला सोबत नेतात. गाळ्याचा नंबर कागदावर लिहून पाठवलं की हा भलत्याच गाळ्यावर जातो. "त्रेसष्ट लिहून दिलं तर छत्तीसला जाऊन उभा. तोंडी सांगितलं की बरोबर जातो. मला वाटायचं मुद्दाम करतोय, काम टाळायला."

'त्रेसष्ट' म्हणताना आपण आधी तीन उच्चारतो, लिहितो मात्र सहा आधी. लहान मुलांचा त्यात गोंधळ होतोच. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'साठ तीन' अशी वाचनाची पद्धत आली ती याचसाठी, आणि तिच्यावरून केवढा वाद झाला होता. पण हा दुसरीतला नव्हता, सहावीतला होता. शिवाय ऐकलेलं सगळं नीट येत होतं, अडत होतं ते लिहिलेलं वाचताना. वर्गातल्या चुका मी रोज तपासत होते, तरी मला त्यात आळसच दिसला होता. मार्केटमधली ही एक गोष्ट कळल्यावर सगळ्याची संगती लागली.

ही अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचायला-लिहायला शिकतानाच येणारी अडचण, असू शकते, असं मी त्यांना सांगितलं. तिचा बुद्धीशी संबंध नाही आणि आळसाशी तर मुळीच नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे, सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र मिळालं तर दहावीच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो. पण ठरवणार तज्ज्ञ, मी नाही. तपासणीचा अर्ज मी तिथेच भरून दिला. 'दिव्यांग' शब्दाला आई दचकली, रडली. तिला समजवायला अर्धा तास लागला, आणि तो अर्धा तास लागायलाच हवा होता.

शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के पालक असावेत, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. आमच्याकडेही समिती आहे. तिच्यात पाण्याची टाकी, गणवेश, स्वच्छतागृह असे विषय निघतात, आणि ते निघायलाच हवेत. पण एका मुलासाठी त्याचे आईबाप आणि बाई समोरासमोर बसून काय काय माहीत आहे ते एकमेकांना सांगताहेत, असं माझ्या नोकरीत त्या शनिवारी पहिल्यांदा घडलं.

उठण्याआधी आम्ही काही गोष्टी ठरवल्या. धड्याचं एक पान मी माझ्या आवाजात रेकॉर्ड करून आईच्या व्हॉट्सॲपवर पाठवायचं. रात्री आठला वडील झोपले की आई भांडी घासेल आणि हा तिच्याशेजारी बसून, ऐकता ऐकता शब्दांवर बोट फिरवेल. रोज दहा मिनिटं, जास्त नाही. वर्गात त्याची उत्तरं मी तोंडी घेणार. आणि डायरीत दर आठवड्याला एक ओळ वडील लिहिणार, घरी काय दिसलं त्याची.

"मी लिहू?" त्यांनी दोनदा विचारलं.

पुढच्या रविवारी मार्केटवरून आल्यावर त्यांनी ती ओळ लिहिली असावी, कारण सोमवारी पानाच्या कडेला हिरव्या मिरचीचं एक बी चिकटलेलं होतं. सोन्याने डायरी स्वतःहून माझ्या टेबलावर आणून ठेवली. सहीसारख्याच जपून काढलेल्या अक्षरांत लिहिलं होतं: 'सहा ओळी बोट लाऊन वाचल्या. दोनदा चुकला. मारल नाही.'

त्याखाली मी सही केली.