कॅनडातून अमेरिकेत पहिली इंजिनीअरिंग नोकरी: टीएनचं पत्र नीट लिहून घ्या

कॅनडाचं नागरिकत्व असलेल्या नव्या इंजिनीअरला अमेरिकेत नोकरी करायला एच-१बीच्या लॉटरीत उतरावं लागत नाही. टीएन, म्हणजे व्यापार करारातल्या यादीतल्या व्यवसायांसाठी मिळणारा तात्पुरता कामाचा परवाना, पुरतो. १९९४ च्या नाफ्टापासून (अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोतला मुक्त व्यापार करार) ही सोय आहे आणि २०२० च्या नव्या करारातही ती टिकली. वार्षिक कोटा नाही, एका वेळी ३ वर्षांपर्यंत मिळतो, पुढे वाढवता येतो. नुसत्या पीआरवर (कॅनडातल्या कायमच्या वास्तव्याच्या परवान्यावर) मात्र मिळत नाही. जन्म पुण्याचा असला तरी चालेल, पासपोर्ट कॅनडाचा हवा.

पहिली ठेच अर्ज भरतानाच लागते. ‘स्पॉन्सरशिप लागेल का?’ याला ‘हो’ म्हटलं की बऱ्याच ठिकाणी अर्ज तिथेच गळतो, आणि ‘नाही’ म्हणून ऑफर मिळवली तर पुढे एचआरशी वाजतं. त्यामुळे रेझ्युमेत नावाखालीच लिहा: कॅनडाचा नागरिक, टीएनसाठी पात्र, लॉटरी नाही, कंपनीचं फक्त पत्र लागेल. छोट्या कंपन्यांच्या एचआरने टीएनचं नावही ऐकलेलं नसतं, त्यांना हे समजावणं तुमचंच काम. संरक्षण आणि रॉकेटच्या कंपन्यांमागे फार वेळ घालवू नका. निर्यात-नियंत्रणाच्या नियमांमुळे त्यांना बहुतेक जागांवर अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डवालेच लागतात.

खरी मेख पत्रात आहे. करारातल्या यादीतला कुठला व्यवसाय, रोजचं नेमकं काम काय, त्याला कोणती पदवी लागते आणि ती तुमच्याकडे आहे का, पगार किती, मुदत किती, हे सगळं त्यात हवं. एचआरच्या ठरलेल्या नमुन्यात ‘कायमस्वरूपी नोकरी’ असं असतं, ते काढायला लावा. टीएन तात्पुरताच असतो. यादीत ‘इंजिनीअर’ आहे, ‘कॉम्प्युटर सिस्टिम्स अ‍ॅनालिस्ट’ आहे, पण प्रोग्रामर नाही. म्हणून कॉम्प्युटर सायन्सची पदवी आणि पत्रात ‘सॉफ्टवेअर इंजिनीअर’ असं असलं की अधिकारी विचारतो, इंजिनीअरिंगची पदवी कुठे आहे? मेकॅनिकल, सिव्हिलवाल्यांना हा त्रास कमी. काम खरोखर अ‍ॅनालिस्टचं असेल तर त्या नावाने अर्ज करा. नुसतं नाव बदलून काम प्रोग्रामिंगचंच ठेवलं तर दोन प्रश्नांत उघडं पडतं.

पदवीदान जूनमध्ये आणि रुजू व्हायचं मेमध्ये, असं हमखास होतं. अशा वेळी पदवीच्या सर्व अटी पूर्ण झाल्याचं रजिस्ट्रारचं पत्र आणि अंतिम ट्रान्सक्रिप्ट, दोन्ही सीलबंद न ठेवता हातात ठेवा. बी.ई. भारतातली असेल तर ती अमेरिकेतल्या कुठल्या पदवीच्या बरोबरीची आहे, याचं मूल्यांकन आधी करून घ्या.

अर्ज थेट सीमेवर करता येतो, फी ५० डॉलर, आय-९४ चे, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीचे, पैसे वेगळे. टोरांटोच्या पिअर्सन विमानतळावरही होतो, पण तिथे चौकशी लांबली की विमान जातं. पहिल्या वेळी बफेलोजवळच्या पीस ब्रिजसारखा रस्त्याचा नाका बरा: पत्रात खोट निघाली तर अर्ज मागे घ्यायचा, दुरुस्त पत्र घेऊन पुन्हा यायचं. पासपोर्टची मुदत आधी बघा, ती दीड वर्षात संपत असेल तर टीएनही सहसा तेवढाच मिळतो.

आत गेल्यावर आय-९४ ऑनलाइन उघडून वर्ग (टीएनच लिहिलंय ना) आणि मुदतीची तारीख त्याच दिवशी तपासा. नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, तेही आय-९४ ची मुदत त्याआधी संपत नसेल तर. नव्या कंपनीत जायचं तर टीएनही नवा, आणि तो हातात येईपर्यंत तिथे एक दिवसही काम करायचं नाही.