सीट कोणी हलवली?

मे महिन्यातली दुपार, जळगावात बाहेर 45 डिग्री, बँकेत जायचं म्हणून गाडीत बसलो तर नीट टेकायच्या आधीच सीट घुंईं करत पुढे सरकायला लागली. गुडघे डॅशबोर्डला, पोट स्टिअरिंगला, आरसे पण आपापले फिरले आणि मला त्यात मागच्या चाकाशेजारचा डांबर तेवढा दिसायला लागला. बायको पाच फूट, मी सहाला दोन इंच कमी. सीट तिची होती.

आता सेटिंग तर मीच केलेलं. सीट लावायची, सेट दाबायचं, टुंग वाजलं की लगेच नंबर दाबायचा, एक नंबर माझा, दोन तिचा, आणि ज्याची चावी त्याच्या नंबरला जोडलेली. आठ दिवस हेच चाललं, कधी बरोबर कधी उलटं, मी मॅन्युअल वाचलं (म्हणजे बघा किती वैतागलो असेन). शेवटी तिची चावी सापडली मागच्या सीटवर, पिशवीत, रावेरहून आलेल्या केळीच्या फणीखाली. दोन्ही चाव्या आत असल्या की आमची गाडी जी आधी सापडेल तिचं ऐकते. स्टिअरिंगला कोण चेपलंय याच्याशी तिला काही घेणं नाही.

आमच्या घरी एकच सायकल होती, काळी, चोवीस इंची. काका उंच, ते पान्याने सीट वर घ्यायचे आणि तशीच ठेवायचे. मी तर सीटवर बसायचोच नाही, दांडीखालून पाय घालून हाप पायडल. वडिलांनी सीटच्या पाइपावर कानशीने एक बारीक खूण करून ठेवलेली, सकाळी दुकानावर निघताना खाली वाकून बघायचे, खूण वर आलेली दिसली की ओट्यावरूनच ओरडायचे, "सायकल कोन लई गयथा रे?" उत्तर त्यांना माहीत असायचं. मग पाना शोधायचा, तो कधीच जागेवर नसायचा, आणि काका आत चहाच्या बशीत तोंड घालून गप्प.

तर चावीचं कोडं सुटलं, तिची चावी आता दाराजवळच्या खिळ्याला. पण गेल्या आठवड्यात सर्व्हिसिंगला बॅटरी काढली आणि सगळी मेमरी पुसली. बायकोने दोन मिनिटांत सीट लावली, टुंग, दोन नंबर, झालं. मी अर्धा तास पुढे-मागे, वर-खाली करत बसलो, पाठ टेकवली तर पाय अवघडतात, पाय मोकळे केले तर मान. मी रोज कसा बसायचो तेच आठवेना.

"अहो, झालं का?"

झालं म्हणालो. भुसावळपर्यंत पाठ दुखली.

काल कानस शोधत होतो. घरात नाहीये.